नातं नसल्याचा दाखला

५ जून, रविवार

नाही म्हटलं. तोंडावर म्हटलं. लग्नाच्या हॉलच्या मालकाच्या, हाजी तौफीकच्या, त्याच्या बायकोच्या, नवरीच्या दोन मावश्यांच्या — सगळ्यांच्या देखत. "आज मी धूप घेऊन चालणार नाही. माझा रस्सा खाली लागेल."

हाजीला वाटलं गंमत. "अगं मबरूका, दोन मिनिटांचं काम! नवरी गाडीतून उतरली की तू पुढे, ती मागे, मंचापर्यंत. मग जा तुझ्या हंड्यांकडे."

"दुसरी कुणी चालेल."

"दुसरी कुठली? काळी तू एकटीच आहेस हॉलवर!"

झालं. पडला ना शब्द तोंडातून.

इतकी वर्षं चालले, ते खरंच आहे. नवरीला दृष्ट लागू नये म्हणून पुढे काळी बाई हवी आणि तिच्या हातात धुपाटणं हवं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. फुकटात नवऱ्या बघायला मिळायच्या. पण गेल्या आठवड्यात हॉलच्या दारावर नवी पाटी लागली. लग्नाचे पैसे भरले की काय काय मिळेल ते रंगवलंय. मी प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकले त्याला चार वर्षं झाली, आणि तेव्हापासून अक्षर दिसलं की वाचायची खोडच लागलीय. वाचलं. मखमली खुर्च्या. तीन मजली केक. फुगे. वसीफा, धूपासह.

वसीफा म्हणजे मी. वसीफ म्हणजे नोकर, आणि आमच्या गाबेस गावात काळ्या माणसालाही तेच म्हणतात. एका शब्दात दोन्ही कामं भागतात. बोलताना कानावरून जातो, जाऊ देते. पण रंगवलेला पाहिला — फुग्यांच्या खाली. फुग्यांच्या खाली!

आज नवरी एकटीच चालत गेली. काही झालं नाही तिला. माझा रस्साही लागला नाही.

६ जून, सोमवार

चुलीवरून काढलं.

सकाळी गेले तर माझ्या चुलीपाशी स्फाक्सचा एक माणूस उभा, पांढरी टोपी घालून. शफीक नाव. हाजी म्हणाला, "आजपासून हा बघेल स्वयंपाक. तू हंडे घास." मी विचारलं, किती दिवस? "डोकं जाग्यावर येईपर्यंत."

मोरीत हयात आधीच बसलेली. ती पहिल्यापासून तिथंच असते. मला पाहून पाय आखडून जागा केली. "या राणीसाहेब! घासणी मऊ हवी की खरखरीत?"

मी म्हटलं, मऊ दे, हात नाजूक आहेत माझे. दोघी इतक्या हसलो की शफीक टोपी सावरत बघायला आला.

७ जून, मंगळवार

सालेमला सगळं पुन्हा सांगितलं. नवरा चांगला आहे माझा, पण ऐकता ऐकता झोपतो. म्हणून तर मी लिहिते. कागद झोपत नाही.

झोपायच्या आधी एवढंच म्हणाला, "मग आता करणार काय?"

"तक्रार."

"कुणाकडे?"

"कामगार खात्याकडे. कायदा झालाय आता. रंगावरून कुणाला असं वागवलं तर गुन्हा आहे. टीव्हीवर सांगितलं."

"टीव्हीवर पाऊस पडेल असंही सांगतात," म्हणाला आणि कुशीवर वळला.

९ जून, गुरुवार

गेले कामगार खात्यात. तक्रार मीच लिहून नेली होती. तीन वेळा फाडली, चौथी नेली. थोडक्यात लिहिली. मी स्वयंपाकीण. मला काळी म्हणून नवरीपुढे चालवतात. नाही म्हटलं तर चूल काढून घेतली. चूल परत द्या, पाटी काढा. सही.

खिडकीतल्या पोरानं मान वर केली नाही. कागद ओढला, नावं वाचली. "मबरूका बेन दहमान. कुणाविरुद्ध? तौफीक बेन दहमान." शिक्का मारला. "पुढची!"

हयातनं पाटीचा फोटो काढून दिला होता, तोही लावला.

मग मासळीबाजारात गेले. ताजी मुलेट मिळाली. जेवायला हरीसाची तिखट चटणी लावून भाजली. सालेमनं काटेसुद्धा चोखले. तक्रार दिल्यावर भूक चांगली लागते असं दिसतंय.

१३ जून, सोमवार

उत्तर आलं! चार दिवसांत! सरकारनं एवढी घाई कधी केली होती कुणाची?

"तक्रारदार व मालक एकाच कुटुंबातील असल्याने सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. कुटुंबात समेट करावा."

दोनदा वाचलं. मला वाटलं मी वाचायला चुकतेय. सालेमला वाचून दाखवलं. तो उठून बसला — उठून बसला, म्हणजे बघा! — आणि पोट धरून हसायला लागला. "अगं, तुला हाजीची बहीण केली त्यांनी! आता मागून घे वाटणी! खजुरीची बाग माग, मी सांभाळतो!"

मी चप्पल फेकली. लागली नाही.

पण अशी चूक दुसरीकडे कुठे होईल? कागदावर आडनाव एक. इकडे बाई लग्नानंतरही बापाचंच लावते. माझं तोंड पाहिलं असतं त्या पोरानं तर कळलं असतं. पण त्यानं मान वर केली नाही. आणि ज्यांना माहीत आहे त्यांना सांगावं लागत नाही. आमच्या आळीतली अर्धी काळी घरं बेन दहमान, आणि समुद्राकडचे मोठ्या दारांचे पांढरे वाडेही बेन दहमान. का, ते कुणी विचारत नाही आणि कुणी बोलत नाही.

१४ जून, मंगळवार

हयात म्हणते वकील कर.

"वकील कशाला? मला काय बोलता येत नाही?"

"येतं ना, तोच तर वांधा आहे! तू तोंड उघडलंस की तक्रार तुझ्यावरच व्हायची."

वकील म्हटलं की माझं डोकं उठतं. काळा डगला घालून येणार, आपलं चार शब्दांचं म्हणणं चाळीस शब्दांत सांगणार, आणि आपण गप्प बसून मान डोलवायची. मला मान डोलवता येत नाही.

बघू.

१७ जून, शुक्रवार

गेले वकिलाकडे. आता गेलेच तर लिहिते.

जारा बाजारात औषधाच्या दुकानावर कचेरी आहे. जिना इतका अरुंद की मी आडवी चढले. वर एक पोरगी सूर्यफुलाच्या बिया खात बसलेली. म्हटलं, वकीलसाहेब आहेत का? म्हणाली, "मीच, मावशी. बसा. बिया घ्या."

नर्जिस नाव. चेहऱ्यानं चौदाची, बोलायला चाळिशीची. मी सगळं सांगितलं. मध्ये एकदाही तोडलं नाही तिनं. पाटीचा फोटो पाहिल्यावर बिया खायची थांबली. "फुग्यांच्या खाली," म्हणाली.

मी म्हटलं, "हेच! हेच मला टोचलं!"

मग उत्तर वाचलं. वाचून आधी हसली, मग माफी मागितली. फी विचारली तर म्हणाली, अशा खटल्यांचं एक संस्था बघते, तुम्ही काळजी करू नका. "पण मावशी, आधी हा नात्याचा घोळ सोडवायला हवा. तो सुटला नाही तर आपल्याला कुणी दारात उभं करणार नाही. हाजी तुमचे नातेवाईक नाहीत असा एखादा दाखला नगरपालिकेतून मिळतो का बघाल?"

"आणि मग कोर्ट?"

"ते तुम्ही ठरवायचं. मी वाट सांगीन. चालायचं तुम्हाला."

बरी आहे. बियांच्या साली मात्र सगळीकडे. मी जाताना टेबल पुसून आले.

२० जून, सोमवार

नगरपालिकेत बशीरचाचा. जन्मापासून ओळखतो मला. माझं, माझ्या पोरांचं नाव त्यानंच लिहिलं.

"नातं नसल्याचा दाखला?" चष्मा काढला. "अगं पोरी, नातं असल्याचा देतो मी. नसल्याचा कुठून देऊ? सगळ्या गाबेसशी तुझं नातं नाही. गावभर दाखले वाटत सुटू?"

"सगळ्या गाबेसचं नाव बेन दहमान नाही."

चष्मा पुसला, परत पुसला.

"नाव एक का, ते तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुम्हालाही आहे. तेवढंच लिहा आणि शिक्का मारा."

"तसं लिहीत नाहीत गं."

"का लिहीत नाहीत?"

"रकाना नाही."

आणि चहा मागवला माझ्यासाठी, पुदिना घालून, वर बदाम. पोटभर वाद घालून पोटभर चहा पिऊन आले. माणूस वाईट नाही. रकाना नाही त्याच्याकडे.

२१ जून, मंगळवार

नर्जिस म्हणाली, "दाखला नाही मिळाला हेच बरं झालं. आता मी समोरासमोर सुनावणी मागते. हाजीलाच सांगू दे नातं काय ते."

पोरगी हुशार आहे. पण मी तोंडावर बोलले नाही, चढून बसेल.

२३ जून, गुरुवार

शफीकचा रस्सा आज चाखला. चांगला आहे. माझ्याइतका नाही, पण चांगला. खोटं कशाला लिहू. भोपळा मात्र फार लवकर टाकतो, विरघळतो. सांगितलं त्याला. "मावशी, उद्यापासून शेवटी टाकतो," म्हणाला. त्याला तरी काय बोलू? बोलावलं म्हणून आला. बायको बाळंतीण आहे त्याची.

मोरीत वाईट नाही. गार असतं. हयात सगळ्या गावाच्या बातम्या सांगते आणि निम्म्या रचलेल्या असतात. साक्ष देशील का विचारलं, तर हातातला हंडा खाली ठेवला. "ऐकलंय मी. काळी तू एकटीच म्हणाला, ते ऐकलंय. पण हाजीसमोर बसून नाही सांगता यायचं मला, मबरूका. तीन पोरं आहेत." मी म्हटलं, नको सांगूस. फोटो काढलास तेवढं पुरे. थोडा वेळ दोघी जोरजोरात घासत बसलो.

२५ जून, शनिवार

बागेत दिवस घालवला. सालेम खजुरीवर चढला, रसाचं मडकं उतरवलं. ताजा रस — साखर काय गोड असेल! डाळिंबाच्या सावलीत चटई टाकली. मिरच्या, टोमॅटो, अंडी, ताबूनाच्या, म्हणजे मातीच्या भट्टीतली गरम भाकरी. वर कलिंगड. सालेम मांडीवर डोकं ठेवून म्हणाला, "तुला मोरीत टाकल्यापासून तू शनिवारची घरी असतेस. हाजीचे आभार मानायला हवेत."

डोक्यावर टपली मारली. पण खोटं नाही ते. सुखात आहे मी. राग आहे तो आहे, त्याच्या जागी. जेवणात त्याला येऊ देत नाही.

२६ जून, रविवार

हाजी घरी आला! आपल्या पायानं, आमच्या आळीत! हातात खजुराची पेटी.

"मबरूका, आपण एका घरचे. वकील-बिकील काय? घरातलं घरात मिटवायचं."

"मग चूल द्या."

"देईन गं. ईद होऊ दे. पण तू आधी तक्रार मागे घे. आणि बघ, नवरीपुढे चालण्यात अपमान कसला? तू चाललीस की लोकांना बरकत वाटते. हा मान आहे!"

"एवढा मान आहे तर तुमच्या बायकोला चालवा."

सालेमला ठसका लागला. हाजीनं टोपी उचलली. पेटी ठेवून गेला. खजूर उत्तम निघाले. पाचपन्नास आळीत वाटले.

२८ जून, मंगळवार

सुनावणी झाली. सगळं लिहिते, हात दुखला तरी.

कामगार खात्याचे साहेब उत्तरेकडचे, बेजाचे, वस्लाती नाव. नवीनच बदलून आलेत. मला "बाई, तुम्ही बसा" म्हणाले. हाजी मला तू म्हणतो आणि मी त्याला तुम्ही म्हणते, हे त्यांनी दोनदा टिपलेलं मी पाहिलं. नर्जिस शेजारी. हाजी समोर, हातात जपमाळ, एकटाच. वकील आणला नव्हता. घरातलंच प्रकरण ना!

साहेब म्हणाले, "हाजी, आपण नोटिशीच्या उत्तरात लेखी दिलंय की या बाई आपल्या घरातल्याच आहेत."

"हो साहेब. अगदी घरातल्या. पिढ्यान्‌पिढ्या."

"छान. चुलत बहीण?"

"अं... चुलत, तसं नाही म्हणता येणार."

"आतेबहीण मग?"

"नाही नाही!"

"आईकडून?"

"आईकडून!" हाजी खुर्चीतून अर्धा उठला. "साहेब, माझी आई फार मोठ्या घराण्यातली आहे!"

"म्हणजे लग्नानं आलेलं नातं. यांच्या घरात आपली मुलगी दिली?"

"अल्लाह रक्षण करो!" हाजी ओरडलाच. मग भानावर आला. "म्हणजे... तसं नाही म्हणायचं मला..."

नर्जिस पेन चावत होती. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या, हसू दाबून.

साहेब बिचारे खरंच गोंधळले होते. "हाजी, मला समजून घ्यायचंय. रक्ताचं नातं नाही. लग्नाचं नाही. मग आडनाव एक कसं?"

"जुनी पद्धत आहे साहेब, इकडची. तुम्ही उत्तरेकडचे..."

"म्हणूनच विचारतोय. काय पद्धत?"

हाजी खिडकीबाहेर बघायला लागला. माळेचे मणी भराभरा सरकले. पंखा घरघरत होता. मी गप्प बसले. मला गप्प बसता येत नाही, पण बसले. मला वाटत होतं, म्हणू दे. एकदा त्याच्या तोंडून येऊ दे. आयुष्यात एकदा.

नाही आलं. मग मीच बोलले. "साहेब, यांच्या घरानं माझ्या पणजीला विकत घेतलं होतं. तिची पोरं या घराच्या नावावर लागली. तेवढंच नातं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. या गावात हे मोठ्यानं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या तोंडूनही नाही. बोलून झाल्यावर मला नुसती तहान लागली.

"कधीची गोष्ट?"

"तुर्कांच्या काळातली. आजीच सांगायची, ते सगळं तिच्या आईच्या वेळचं. आजी स्वतः मोकळी होती. यांच्या आईच्या, लल्ला शलबियाच्या, बरोबरीनं खेळून वाढली. आजीचंच नाव मला."

"बरोबरीनं!" हाजीचा जीव भांड्यात पडला. "एका ताटात जेवल्या साहेब! तेव्हाचं तेव्हा गेलं. त्यात माझा काय दोष?"

"दोष कुणी दिला?" मी म्हटलं. "तेव्हाचं तेव्हा गेलं, खरंय. पाटी आत्ताची आहे. अजून रंगाचा वास येतोय तिला."

साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं आणि वाचून दाखवलं: नातं नाही. तक्रार दाखल. समेटाला एक आठवडा, नाहीतर कोर्ट.

जिन्यात नर्जिसनं मला मिठी मारली. मी म्हटलं, पुरे, घाम आलाय मला.

२९ जून, बुधवार

गावभर झालं. पाववाल्यानं भाकरी देताना "घ्या मबरूकाबाई" म्हटलं. बाई! हयात मोरीत सुनावणीचं नाटक करून दाखवते, हाजीही तीच, साहेबही तीच. "आईकडून!" म्हणताना हंड्यावरून पडायचीच.

१ जुलै, शुक्रवार

हाजीचा निरोप आला, नर्जिसमार्फत. पाटी उतरवतो. चूल परत देतो, आजपासून. शफीक माझ्या हाताखाली राहील. धूप घेऊन कुणालाच चालवणार नाही. माफी लेखी. बदल्यात मी तक्रार मागे घ्यायची आणि कोर्टात पाऊल टाकायचं नाही. सही मंगळवारी, साहेबांसमोर.

नर्जिस बियांची पुडी बाजूला सारून बसली होती. "मावशी, खरं विचाराल तर मला कोर्टात जायचंय. फोटो आहे, त्याचं लेखी उत्तर आहे, तुमचं बोलणं साहेबांच्या कागदावर आहे. पण वेळ लागेल. वर्षं लागतील. आणि तोवर तो तुम्हाला हॉलवर ठेवणार नाही."

"कोर्ट मला काय देईल?"

"त्याला शिक्षा. तुम्हाला न्याय."

"आणि चूल?"

हसली. "कोर्टात चूल नसते."

"मग मला कोर्ट नको. मला चूल हवी. तुर्कांच्या काळचं भांडण मी कशाला डोक्यावर घेऊ? ज्यांचं होतं ते गेले, करणारेही गेले, सोसणारेही. मला माझ्या हिशेबाचं मिळालं."

तिचा चेहरा जरा उतरला. पण म्हणाली, "तुमचा शब्द शेवटचा." आणि कागद तयार करायला घेतला. आवडली मला. हट्ट धरला नाही.

सालेमला सांगितलं. तो म्हणाला, "शहाणी झालीस." मी म्हटलं, पुन्हा असं म्हणू नकोस.

३ जुलै, रविवार

चुलीवर!

पहाटेच गेले. माझा मोठा हंडा हयातनं असा घासला होता की त्यात तोंड दिसत होतं. खाली रस्सा, वर चाळणीत कुसकुस, कडेला कणकेची पट्टी लावली की वाफ एका ठिकाणाहूनच येते. पहिली वाफ आली आणि नाकात हळद-मिरीचा वास गेला, तेव्हा उगाच डोळे भरले. मिरचीनं असेल. शफीक कांदे चिरत होता. "मावशी, भोपळा आत्ता?" "नाही!" "आत्ता?" "नाही! मी सांगेन तेव्हा!" दिवसभर आमचं हेच.

दाराशी पाटी नव्हती. भिंतीवर चार खिळे.

नवरी एकटी आली. मंचाच्या पायरीवर झग्यात पाय अडकून धडपडली, आणि तिच्या दोन आत्यांनी लगेच स्वयंपाकघराकडे पाहिलं. मी दारात उभी होते. हातातला डाव वर करून दाखवला. त्यातली एक हसली.

जेवणं झाली. हंडे रिकामे. असा दिवस असला की मला दुसरं काही नको.

४ जुलै, सोमवार

लल्ला शलबियानं बोलावलं होतं, ईदच्या आधी भेटून जा म्हणून. हाजीची आई. नव्वदी उलटली, डोळे गेलेत, डोकं शाबूत. माझा हात हातात घेतला. "तू साहेबाला चुकीचं सांगितलंस गं मबरूका. पणजी नाही काही. तुझी आजीच. माझ्या बाबांनी मला खेळायला आणली, दक्षिणेतून, एवढीशी. रडायची सारखी. तिचं काहीतरी अवघड नाव होतं, मला म्हणता येईना. मग मी तिला माझ्या बाहुलीचं नाव दिलं. मबरूका."

घरी आले. नर्जिसला फोन केला. उद्या सही नाही.